हरकतभाई

गावाचे नाव सांगत नाही. डिचोली तालुक्यातले आहे, एवढे पुरे. नाव सांगितले तर सात गावांचे पंच म्हणतील की हा आमचाच, आणि आठव्या गावातला भाई माहितीच्या अधिकाराखाली विचारील की आमचे गाव कोणत्या निकषावर वगळले. तसा हा एक माणूस नव्हेच. डिचोलीतल्या दोघा-चौघांचे आणि पेडण्यातल्या तितक्याच जणांचे शर्ट, आवाज आणि फायली एकत्र करून मी एक भाई उभा केला आहे. गोव्यातल्या कुठल्याही ग्रामसभेला रविवारी सकाळी जाऊन बसा. तिसऱ्या रांगेत, खिडकीकडेला, पंखा लागेल पण कागद उडणार नाहीत अशा अंतरावर तो बसलेला असतो.

अर्ध्या बाह्यांचा, बाहेर सोडलेला शर्ट. खिशात दोन पेने: निळे स्वतःचे अर्ज लिहायला, लाल दुसऱ्यांचे वाचायला. मांडीवर रेक्झिनची पिशवी. पिशवीत जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सर्व्हे प्लॅनच्या झेरॉक्स, मागच्या ग्रामसभांची इतिवृत्ते आणि १९९७ पासूनच्या पोचपावत्या. १९९७च का, असे कोणी विचारले की भाईचा चेहरा उजळतो. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ चा. गोव्याने आपला १९९७ मध्येच केला होता. "दिल्लीवाले आमच्याकडून शिकले," भाई सांगतो, आणि 'आमच्या' म्हणताना बोट स्वतःच्या छातीकडे नेतो.

आयुष्य खाणीवर गेले. फाटकाशी बसून खनिजाच्या ट्रकांच्या ट्रिपा मोजायच्या, चलन बघायचे, सही नसेल तर ट्रक बाजूला लावायचा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातसुद्धा ते जाणवले. ट्रकमालक बँकेच्या दारात उभे राहिले, बार्जवर जाणारे घरी बसले. भाई मात्र कधी बेकार झाला नाही. मोजायची सवय आणि सही नसलेला कागद लांबून ओळखायची नजर शाबूत होती, फक्त समोरून ट्रक जात नव्हते. त्यांच्या जागी त्याने पंचायत घेतली.

त्यानंतर गावात जे जे काही व्हायचे ठरले त्याला भाईची हरकत आली. पथदीपांना आली, कारण उजेड रस्त्यावर न पडता एका पंचाच्या अंगणात पडत होता. पडत होताच. बसथांब्याला आली, कारण थांब्याची पाठ बस येते त्या दिशेला होती. होतीच. कचरा गोळा करणाऱ्या गाडीवरच्या गाण्याला आली, कारण ते बेसूर होते. हीच मोठी पंचाईत आहे. भाई शुद्ध वेडगळ असता तर लोकांनी त्याला हसून सोडून दिले असते. त्याच्या दहा हरकतींतल्या सहा बरोबर असतात, आणि कुठल्या सहा ते काम पूर्ण झाल्यावर कळते.

आता तलावाची गोष्ट.

वाड्याच्या मधोमध पंचायतीचे उद्यान आहे. दोन झोपाळे, पैकी एकाला फळी नाही. एक घसरगुंडी, जिच्यावरून घसरलेल्या मुलांची आता लग्ने झाली. कोपऱ्यात वड, वडाखाली राखणदार देव. वर्षातून एकदा त्याला रोट देतात. बाकी गवत. या उद्यानात पोहण्याचा तलाव बांधावा, असा अर्ज गावच्या युवक मंडळाने दिला. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, पोहण्याच्या शर्यती पणजीला कांपालच्या तलावात झाल्या. तिथे जाऊन आलेल्या पोरांना वाटले की आपल्याकडे एक असावा. एवढीच सुरुवात.

ग्रामसभा भरली. गणसंख्या नव्हती, म्हणून अर्धा तास तहकूब झाली. तेवढ्यात मंडळी समोरच्या हॉटेलात जाऊन पातळभाजी-पाव खाऊन आली. मग मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला घेतले आणि तिथेच भाई उठला.

"सरपंचबाब, म्हाका एक पॉइंट आसा."

"भाई, अजून विषयच आला नाही."

"विषय येण्यापूर्वीचाच पॉइंट आहे. मागच्या इतिवृत्तात लिहिले आहे, 'सभा खेळीमेळीत पार पडली.' मी त्या सभेत सभात्याग केला होता. माझ्याशिवाय खेळीमेळी झाली असे लिहा, नाहीतर माझ्या त्यागासह लिहा."

यात पाऊण तास गेला. पेडण्या-डिचोलीकडे घरोघरी नाटक करणारी माणसे निघतात, उत्सवातल्या नाटकात एकदा तरी तोंडाला रंग लागलेला असतो. भाईनेही तरुणपणी सेनापती केला होता. तेव्हापासून तो बसून बोलूच शकत नाही. उठतो, पिशवी खुर्चीवर ठेवतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि शेवटच्या रांगेकडे बघून सरपंचांशी बोलतो.

तलावाचा विषय निघाला तेव्हा त्याने आधी आकडे टाकले. "पंचवीस गुणिले साडेबारा. सरासरी खोली एक पूर्णांक सहा मीटर धरा. झाले पाचशे घनमीटर. म्हणजे पाच लाख लिटर. सरकारने २०२१ च्या सप्टेंबरात योजना आणली तेव्हा एका घराला महिन्याला सोळा हजार लिटर पाणी फुकट देऊ म्हटले होते. पाच लाख भागिले सोळा हजार: सव्वाएकतीस. तुमचा तलाव एकदा भरला की सव्वाएकतीस घरांचे महिन्याचे पाणी गेले. आता यातले पाव घर कोणाचे ते मी बोलत नाही." सगळ्यांनी माना वळवल्या. तिघा भावांत वाटणी होऊन उरलेल्या एका खोलीत राहणारा चौथा भाऊ मागे बसला होता. तो निमूट बाहेर पडला.

इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा धीर करून म्हणाला, "भाई, तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. गाळून, क्लोरिन घालून तेच फिरवतात. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. तलावाची खोली तुम्हीच एक पूर्णांक सहा सांगितली. वर छप्पर नसेल तर आभाळच तो जवळजवळ दोनदा भरून देईल."

भाईने लाल पेन काढून हे लिहून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "म्हणजे एक पूर्णांक चार मीटर पाणी वर येऊन वाड्यात शिरणार. अध्यक्षांनी याची नोंद घ्यावी. हे प्रस्तावकांनी स्वतः कबूल केले आहे."

त्याची बहीण पेडण्यात दिलेली. त्यामुळे प्रत्येक भाषणात अर्धा भाग पेडण्याचा. "मोरजी-मांद्र्याला जाऊन बघा. प्रत्येक रिसॉर्टात निळे पाणी, आणि माझ्या बहिणीच्या नळाला वारा. तिळारीचे धरण दोडामार्गात, कालवा तिकडून येणार. कालवा फुटला की आमची पेडणेकर माणसे बादल्या घेऊन टँकरची वाट बघतात. पोहणार कशात? बादलीत?" मागून कोणी तरी म्हणाले, पेडण्याला तलावाची गरज नाही, २०२४ च्या जुलैत रेल्वेच्या बोगद्यातच पाणी भरले होते, कोकण रेल्वे अडकून पडली. सभा हसली. भाई हसला नाही. त्याने विचारले की त्या बोगद्याला पंचायतीचा ना हरकत दाखला होता काय.

हरकती संपेनात. चवथीला लोक गणपती तलावात सोडतील. सांजांवाच्या सणाला बार्देशात विहिरीत उड्या मारतात, ते लोण इकडे येईल. राखणदाराला विचारले का? जमीन पंचायतीची आहे याचा कागद कुठे? मये गावच्या लोकांना विचारा, पिढ्यान्‌पिढ्या राहून पायाखालची जमीन आपली ठरवायला काय लागते ते. रात्री कोण राखणार? पोहायला शिकवणारा कुठून आणणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून? आणि मये गाव जवळच आहे, तिथे एवढा मोठा तलाव आहे, तो पुरत नाही?

"मयेच्या तलावात पोहू देत नाहीत, भाई."

"पोहू देत नाहीत! २०१८ पासून तिथे पंचावन्न मीटर उंचीवरून माणसाच्या पायाला दोरी बांधून त्याला खाली सोडतात. पैसे घेऊन. उलटे टांगलेले चालते, पोहलेले चालत नाही. हे धोरण मला लेखी द्या."

हे खरे असल्यामुळे कोणी काही बोलले नाही.

इथे एक सांगायला हवे, कारण ते भाईला कोणी सांगत नाही. तलाव नको असलेला भाई एकटा नव्हता. उद्यानाच्या कडेला स्कूटरी दुरुस्त करणाऱ्याला नको होता, कारण निम्म्या स्कूटरी उद्यानातच उभ्या असायच्या. टँकरवाल्याला नको होता; का, ते त्याचे त्यालाही सांगता येत नव्हते, पण पाणी या विषयावर आपल्याला न विचारता गावाने काही ठरवू नये असे त्याचे मत होते. दोन-तीन काका-मामांना पोरींच्या पोहण्याच्या कपड्यांची काळजी होती, आणि ती उघड बोलायची लाज होती. टेकडीवर बंगले घेऊन आठ महिने बंद ठेवणाऱ्यांना आवाजाची भीती होती. त्यांच्या स्वतःच्या आवारात तलाव आहेत, त्यांना आवाज नसतो. हे सगळे शनिवारी रात्री एकेक करून भाईच्या घरापुढच्या बल्कांवात येऊन बसले. "भाई, तू उठून बोल हां. आम्ही मागे आहोत." आणि रविवारी ते खरोखरच मागे होते, शेवटच्या रांगेत, चप्पल न काढता.

भाईने या सर्वांची हरकत आपल्या आवाजात मांडली. फी घेतली नाही. चहासुद्धा आपलाच पाजला. गावात रेशन दुकान आहे, टपाल आहे, तसा भाई आहे, सार्वजनिक सोय. फरक इतकाच की रेशनवाल्याला लोक तोंडावर शिव्या देतात.

मग बाई उठल्या. गावच्या मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्धी पंचायत त्यांनी शिकवली. भाईलाही शिकवले असते, पण तो त्यांच्याच वर्गात त्यांच्या मागच्या बाकावर होता. त्यामुळे गावात भाईला 'अरे' म्हणणारी ती एकच व्यक्ती, आणि भाई तिला इतरांसारखे 'बाई'च म्हणतो.

"अरे, तुझे आकडे झाले असतील तर मी दोन शब्द बोलते. दरवर्षी पाऊस लागला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. धबधब्यात उतरू नका, नदीत उतरू नका, सोडलेल्या खाणीत उतरू नका, चिरेखाणीत उतरू नका. बरोबरच आहे. पण पोरे उतरतातच. पोहू नका म्हणून कागद निघतो, पोहायला शिका म्हणून एकदा तरी निघाला आहे का?"

चिरेखाण म्हटल्यावर सभा गप्प झाली. पेडण्या-डिचोलीत हे समजावून सांगावे लागत नाही. घरांसाठी जांभा दगड कापून नेतात, चौकोनी खड्डा मागे राहतो, उभ्या भिंतींचा. पावसाळ्यात भरतो, वर हिरवट, शांत. काठ उतरता नसतो, एकदम खोल. आत गेलेल्याला हात टेकायला पायरी नसते. पेपरात बंदीचा आदेश आतल्या पानावर येतो आणि काही दिवसांनी बातमी पहिल्या पानावर.

भाई उभाच होता. त्याने पिशवी उघडली. पाच मिनिटे कागद चाळत राहिला. कोणी 'बस' म्हटले नाही. मग एक पिवळा पडलेला कागद काढून सरपंचांच्या टेबलावर ठेवला. त्याखाली दुसरा. तिसरा. विषय सगळ्यांवर एकच: वाड्यामागच्या चिरेखाणीला कुंपण घालण्याबाबत. प्रत्येकावर पंचायतीचा आवक शिक्का.

"भाई, हे कधी दिले होतेस?"

"तारीख शिक्क्यात आहे."

"मग आम्हाला कसे ठाऊक नाही?"

सचिवाने फाईल मागवली. अर्ज होते, सगळे होते. एक भटक्या कुत्र्यांच्या आणि लाऊडस्पीकरच्या उंचीच्या अर्जांमध्ये, दुसरा कचऱ्याच्या गाडीच्या बेसूर गाण्याच्या खाली. त्याच निळ्या शाईत, त्याच 'तरी मेहेरबानांनी त्वरित दखल घ्यावी' या शेवटासह. कुत्र्यांसाठी आणि मुलांसाठी भाई एकाच पट्टीत ओरडला होता, आणि पंचायतीने त्याचे अक्षर ओळखून वाचणे केव्हाच सोडले होते. मला विचाराल तर चूक दोघांची. पण पगार एकाच बाजूला मिळतो.

कुंपणाचा ठराव तिथल्या तिथे झाला. सूचक बाई, अनुमोदक भाई. भाईचे नाव अनुमोदक म्हणून इतिवृत्तात पहिल्यांदाच आले. सचिवाने ते खोडून पुन्हा लिहिले, त्याला वाटले आपण चुकलो.

तलावाचे मात्र राहिले. राखणदाराचा मुद्दा भाईने काढलेलाच होता, तेव्हा देवळात कौल लावायचे ठरले. कौल उजवा आला. भाईने विचारले, कौल तलावाला आला की तलाव 'उद्यानात' करण्याला आला? भटजी म्हणाले, देवाला सर्व्हे नंबर सांगितला नव्हता. पुन्हा तहकूब. मग रिवाजाप्रमाणे समिती नेमली. समितीत सात जण, त्यात भाई नाही. भाईने 'मला का घेतले नाही' असा अर्ज दिला, तेव्हा घेतले. घेतल्यावर त्याने समितीच्या रचनेलाच हरकत घेतली. समितीची बैठक झालीच नाही. युवक मंडळातला एक मुलगा दुबईला गेला, दुसरा मोपा विमानतळावर लागला, आणि झोपाळ्याला फळी नव्हती ती नव्हतीच.

पुढच्या एका ग्रामसभेत एका पंचाने हळूच विषय आणला. उद्यान पडून आहे. अर्ध्या भागात पार्किंग करावे, अर्ध्यात कम्युनिटी हॉल.

भाई उठला. खुर्चीवर पिशवी, एक पाऊल पुढे.

"सरपंचबाब, या जागेवर तलावाचा प्रस्ताव प्रलंबित असताना दुसरा विषय येतोच कसा?"

सभेला आधी वाटले की तो टिंगल करतो आहे. पण भाईने आकडे काढले. तेच. "पाच लाख लिटर! उद्या काजूच्या बागायतीला आग लागली तर डिचोलीहून बंब येईपर्यंत काय करणार? तलाव असेल तर गावात पाच लाख लिटर तयार. आभाळ फुकट भरून देते, दोनदा, हे मागच्या सभेत तज्ज्ञांनी सांगितलेले आहे." इंजिनिअरिंगचा मुलगा तज्ज्ञ झाला होता. "रात्री राखायला माणूस लागेल म्हणता? म्हणजे गावात एकाला नोकरी. शिकवणारा लागेल? दुसऱ्याला नोकरी. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, संध्याकाळची, बाई बसतील काठावर. देवाचा कौल उजवा आहे. देवाच्या विरुद्ध पार्किंग करणार?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या.

शेवटच्या रांगेत मात्र गडबड उडाली. इतकी वर्षे त्यांच्या वतीने उठणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याच्याविरुद्ध उठायचे कसे हे कोणाला येत नव्हते. स्कूटरवाला अर्धा उठला, खुर्चीच्या पत्र्यात त्याचा शर्ट अडकला, खाली बसला. टँकरवाला म्हणाला, "आमचे पण एक म्हणणे आहे," आणि ते काय आहे हे आठवत उभा राहिला. सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर टाकला.

त्या शनिवारी रात्री सगळे पुन्हा भाईच्या बल्कांवात जमले. बराच वेळ पावसाविषयी बोलले. शेवटी टँकरवाला म्हणाला, "भाई, तलाव नको म्हणून एक अर्ज पाहिजे होता. आम्हाला ती भाषा जमत नाही."

कोणीही दुसरा असता तर त्यांना हाकलले असते. भाईने चष्मा लावला. वाईट लिहिलेला अर्ज पंचायतीत जावा ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती, मग तो स्वतःच्या विरुद्ध का असेना. रात्री साडेअकरापर्यंत बसून त्याने चौदा मुद्द्यांचा अर्ज लिहून दिला. विषय, संदर्भ, जोडपत्रे, सगळे. मुद्दा क्रमांक नऊमध्ये 'काही स्वयंघोषित तलावसमर्थक' असा उल्लेख आहे. तो त्यालाच उद्देशून आहे आणि फार झोंबणारा आहे. मग उरलेल्या रात्रीत त्याने तलावाच्या बाजूचा आपला स्वतःचा अर्ज लिहिला.

सोमवारी सकाळी दोन्ही अर्ज घेऊन तोच पंचायतीत गेला, कारण बाकीच्यांना दुकाने होती. क्लार्कने दोन्ही वाचले. अक्षर एक, शाई एक. मान वर करून त्याने विचारले, "भाई, खरे सांग, तू तलावाच्या बाजूने की विरुद्ध?"

"तू आधी शिक्का नीट मार," भाई म्हणाला. "तारीख कालची पडली आहे. काल रविवार होता. रविवारी आवक घेतलीस म्हणून मला तुझ्यावर तिसरा अर्ज टाकावा लागेल."